तनुजाने बुजवलेलं भोक

कुरुळीच्या छबूबाईंची सून तनुजा हिचा राग लोणच्यासारखा मुरत होता. वर तेलाचा शांत तवंग, खाली मीठच मीठ.

चाकणच्या एका कारखान्यात ती कॉम्प्युटर सांभाळायची. गेल्या वर्षी नापास मालाच्या पेट्यांवर 'पास'ची लेबलं लागून माल गेला आणि ट्रक परत आला. लेबलाच्या प्रोग्रॅममध्ये बदल करायचा अधिकार, म्हणजे अ‍ॅडमिनचा पासवर्ड, एकट्या तनुजाकडे. डिस्पॅचचे साहेब जयदीप भर कँटीनमध्ये म्हणाले, "दुसरं कोण करणार? आमच्या लॉगिनला तिथं काही हलत नाही." मालक दादासाहेबांनी तिला कामावरून काढलं नाही, पण कँटीनच्या कुपनांच्या खिडकीत नेऊन बसवलं. कामगार हळूच 'पासवाल्या मॅडम' म्हणू लागले.

"रडू नगंस," सासूबाई म्हणाल्या. "इंचू कुठं हाय त्ये आधी बघ. मंग दगड हलक्या हातानं उचल."

उन्हाळ्यात कुपनांसाठी नवा कॉम्प्युटर आला. प्रोग्रॅम त्याच लेबलवाल्या कंपनीचा. नवा अ‍ॅडमिन समर्थ सेटअप चालवून चहाला गेला. तनुजाने सवयीने फोल्डरच्या परवानग्या उघडल्या आणि तिचा हात थबकला. सेटअपने फोल्डर सगळ्यांना उघडं ठेवलं होतं. साध्या लॉगिनचा माणूसही आतली फाइल काढून स्वतःची ठेवू शकत होता, आणि कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला की ती फाइल अ‍ॅडमिनच्या तोऱ्यात चालणार. बंगल्याला कुलूप, पण वॉचमनचा गणवेश बाहेर खुंटीवर. घालेल तो वॉचमन.

पहिला विचार आला तो असा की, आपणही तेच करावं, जयदीपचा अख्खा डिस्पॅच झोपवावा. पण मग बोट पुन्हा आपल्याकडेच. ती सरळ दादासाहेबांकडे गेली, डिस्पॅचच्या लेबलवाल्या कॉम्प्युटरवरही हेच भोक असणार म्हणाली, आणि साध्या लॉगिनने करून दाखवलं.

"भोक हाय, पटलं," ते म्हणाले. "पर जयदीपच शिरला कशावरनं?"

"बुजवा आणि कुणाचं डोकं आपटतं ते बघा."

"घाई न्हाई ना तुला?"

"अजिबात नाही."

खंडेनवमीच्या आधी कारखान्यात यंत्रं धुऊन-पुसून ठेवतात. त्या गडबडीत समर्थ प्रत्येक कॉम्प्युटरपुढे बसला तरी कुणाला नवल वाटलं नाही. त्याने कंपनीच्या मूळ फाइली पुन्हा घातल्या. फोल्डरमध्ये बदल करायची मुभा फक्त अ‍ॅडमिनला, बाकीच्यांना नुसती वापरण्यापुरती. दुसऱ्या दिवशी जयदीपने स्वतःच्या हाताने डिस्पॅचच्या कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं.

दसरा झाला, आणि एक लॉट नापास निघाला. ट्रक दारात उभा. जयदीपने समर्थला फोन लावला. समर्थने ते दादासाहेबांना कळवलं, आणि दादासाहेब तनुजाला घेऊन त्याच्या आधी पोचले.

"काय बिघडलं?"

"फाइल बदलू देत नाही, दादासाहेब. खंडेनवमीपर्यंत होत होतं की."

बोलून झाल्यावर त्याला कळलं, काय बोललो ते. स्क्रीनवर 'परवानगी नाही' तसंच उभं होतं.

"तुमच्या लॉगिनला तिथं काही हलत नव्हतं ना?" तनुजा म्हणाली.

दादासाहेबांनी त्याला घरी बसायला सांगितलं आणि तनुजाला तिची खुर्ची देऊ केली.

"खुर्ची उद्या," ती म्हणाली. "आज दुपारी कँटीनमध्ये ह्यांनी सांगायचं. दोन्ही शिफ्ट असतील तेव्हा."

"पोरी, जाऊ दे आता," दादासाहेब म्हणाले.

"माझं नाव तिथंच गेलंय."

दुपारी जयदीप उभा राहिला. मान खाली घालून पुटपुटला, "ते... माझ्याकडून झालं होतं."

तनुजा खिडकीतून कुपनं देत होती. हात न थांबवता म्हणाली, "मोठ्याने, साहेब. मागच्या टेबलांना ऐकू गेलं नाही."