मास्तरांचं ‘गेट’ आणि खिशातला अडकित्ता

“उद्या सांगतो, मारोतराव,” मास्तर म्हणाले आणि डोळे मिटून पडले. परभणीच्या दवाखान्यातली ती आमची शेवटची भेट. दुसऱ्या दिवशी बोरीच्या स्टँडवर गाडीत पाय ठेवला आणि फोन आला... तेव्हापासून माझा पाय एका जागी ठरत न्हाई. ओट्यावर बसतो, उठतो, स्टँडपर्यंत जातो, परत येतो. सून म्हणते, “मामा, जरा टेका की.” टेकून काय करू?

मास्तर इंग्रजी शिकवून रिटायर झालेले, मी चौथीतून शाळा सोडलेला. तरी रोज सकाळी स्टँडसमोरच्या हॉटेलात आमचा सामना व्हायचा. त्याला कारण त्यांचं ‘गेट’ हे क्रियापद. एवढ्या एका शब्दावर निम्मं इंग्रजी निभतं, असं ते एकदा चारचौघांत म्हणाले आणि मला झोंबलं. म्हणलं, “आमचं ‘लागणं’ काय कमी हाय? पोटाला भूक लागती, पायाला ठेच लागती, पोराला नोकरी लागती, दुपारी डोळा लागतो. म्हणा तुमच्या गेटात!” मास्तरांनी बशीतला चहा फुंकत सगळं म्हणून दाखवलं. गेट हंग्री, गेट हर्ट, गेट अ जॉब... डोळ्याचं बी काहीतरी. खरं-खोटं मला काय कळणार? पण मास्तर खोटं बोलणारा माणूस नव्हता. तिथून शर्त ठरली. रोज मी एक वाक्य टाकायचं, त्यांनी ते गेट घालून म्हणायचं, आणि हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याला सुपारी कातरून द्यायची. अडकित्ता मास्तरांचा, पितळी, पण राहायचा माझ्या खिशात. “रोज परत कशाला देता? उद्या बी तुमचीच पाळी,” असं खवचट बोलायचे. माझा जळफळाट व्हायचा, पण सुपारी त्यांना लागायची तशी बारीकच कातरायचो.

माझी बायको गेली तेव्हा मी हॉटेलात जायचं सोडलं. तेराव्यानंतर मास्तर घरी आले आणि हळूच म्हणाले, “मारोतराव, हे बी गेटच. गेट थ्रू. यातून पार पडायचं.” मी भडकलो. “चुलीत घाला तुमचं इंग्रजी!” दुसऱ्या दिवशी पुन्हा आले. तिसऱ्या दिवशी बी. शेवटी मीच टोपी घातली आणि त्यांच्यासंगं निघालो.

तर त्या दिवशी दवाखान्यात... मास्तर नसल्यावर हॉटेलातला चहा मला गोड लागत नव्हता. पण हे तोंडानं सांगायचा आपला स्वभाव न्हाई. म्हणून वाक्य टाकलं, “करमत न्हाई. म्हणा.” मास्तरांनी माझ्याकडं बघितलं. पहिल्यांदाच अडले. मग हात पुढं केला. “आणा अडकित्ता. हरलो.” मी दिला न्हाई. “उद्यापर्यंत मुदत,” म्हणलं. तेव्हा म्हणाले ते, उद्या सांगतो.

परवा त्यांची लेक भेटायला आली. ती बी इंग्रजीच शिकवती. “काका, मी सांगू का त्या ‘करमत न्हाई’चं इंग्रजी?”

“तुला न्हाई विचारलं, बाई.”

“मग बाबा हरले समजा. तुमीच जिंकलात.”

मास्तरांच्या घरातून हे ऐकायची किती वर्षं हौस होती मला. ऐकलं, आणि बसवेना. तडक उठून हॉटेलात गेलो. बाकावर मास्तरांची जागा सोडून बसलो, अडकित्ता काढला आणि सुपारी कातरली. बारीक.

हॉटेलवाल्यानं गल्ल्यावरनं विचारलं, “मामा, आज कोण हरलं?”

“मीच की. दुसरं कोण?”