माणसाचा हात न लागलेलं पाणी

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील शाळामास्तर. सभेची, मोर्च्याची, जयंतीची पत्रकं तेच लिहायचे आणि इचोड्याहून छापून आणायचे. उरलेल्या कागदांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी अक्षरं गिरवली. पत्रकातलं वाक्य कसं असावं हे त्यांनी मला तेव्हाच सांगून ठेवलं होतं. वाक्य आखूड हवं. त्यात 'बहुतेक', 'थोडंफार' असले शब्द नकोत. वाचणारा रस्त्यानं चाललेला असतो, त्याला जागच्या जागी थांबवायचं असतं. मी हे फार चांगलं शिकले.

नेरडीगोंड्याजवळ हायवे सोडून आत गेलं की सागाचं रान लागतं. तिथल्या टेकडीवर गिट्टीखदान येणार होती. या रानात काही उरलेलं नाही, नुसती झुडपं आहेत, असं खदानवाले सगळीकडे सांगत होते. मी ठरवलं, झुडपांत कोण राहतं ते दाखवायचं. जुना कॅमेरा घेतला, एका मित्राची लांब पल्ल्याची लेन्स मागून आणली आणि रोज पहाटे आत जाऊन बसायला लागले.

चार दिवसांत मला चितळांच्या फक्त शेपट्या मिळाल्या. पाचव्या दिवशी पळसाच्या आडोशाला बसले असताना समोरून हसण्याचा आवाज आला. जवळच्या कोलाम आदिवासींच्या टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, म्हातारी होती. टोल्याची गुरं तीच चारायची.

"फोटोवाली बाई, वारा तुह्या पाठून येऊन राह्यला. तुह्या साबनाचा वास मले इथवर येते, चितळाले नाही येनार काय?"

दुसऱ्या दिवसापासून मी न धुतलेला सदरा घालून तिच्या गुरांमध्ये बसू लागले. तिनं मला झिरा दाखवला. नाला आटला की दर चैत्रात टोल्यावरच्या बाया त्याच्या वाळूत खड्डा खणतात आणि खालून पाणी झिरपून वर येतं. पहिल्या दिवशीचं पाणी कोणी माणूस पीत नाही, ते रानाचं. झिऱ्याची एक बाजू म्हातारी फावड्यानं मुद्दाम उतरती करायची, म्हणजे चितळाचं पाडस घसरून आत पडणार नाही. वाळू पुन्हा आत ढासळायची, म्हणून दर दोन-तीन दिवसांनी उपसावी लागायची. तेही तीच करायची.

चितळं गुरांच्या मागोमाग यायची. गुरांच्या गळ्यातल्या लाकडी घंटांचा आवाज असला म्हणजे जवळपास बिबट नाही, हे त्यांना ठाऊक असावं. गायींच्या मधून वाट काढत ती पाण्याशी यायची, शिंगांवर अजून लव असलेला एक नर तर एका पांढऱ्या गायीला चिकटून उभा राहायचा. मला दिवसाला शंभर-दीडशे फोटो मिळत होते आणि मी वैतागत होते. प्रत्येक फोटोत कुठंतरी गायीची पाठ, नाहीतर म्हातारीचं फावडं. रानाचा फोटो रानाचाच दिसला पाहिजे, असं माझ्या डोक्यात पक्कं होतं.

मग एका सकाळी गुरं पुढं निघून गेली आणि तीन माद्या, एक पाडस तेवढी मागं राहिली. अंगावर तिरपं ऊन. पाडसाचे पुढचे पाय बरोबर त्या उतारावर. फोटो मिळाला. कार्ड एकच होतं आणि भरलं होतं, म्हणून घरी येऊन मी बाकीचे सगळे पुसून टाकले.

त्या फोटोचं पत्रक केलं, मराठीत आणि तेलुगूत. खाली नाल्याचं नाव टाकलं आणि दोन वाक्यं लिहिली: 'इथं आजवर माणसाचा हात लागलेला नाही. इथं गुराचा खूर पडलेला नाही.' वडिलांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "जमलं." इतक्या वर्षांत ते मला पहिल्यांदाच तसं म्हणाले होते.

पत्रक वनखात्याच्या कचेरीपर्यंत गेलं आणि खदान रद्द झाली. आम्ही पेढे वाटले.

पुढच्या उन्हाळ्यात वनखात्यानं नाल्याच्या अलीकडे चर खणला आणि पाटी लावली. गुरांना बंदी, झिरा खणायलाही बंदी. म्हातारी ऑटोत बसून आमच्या घरी आली. ती भांडली नाही. गुरं हायवेवर ढाब्याच्या टाकीवर न्यावी लागतात, ट्रकांच्या गर्दीतून, आणि ढाबेवाला हाकलतो, एवढं सांगितलं. मी दरखास्त लिहिली आणि तिला घेऊन वनखात्याच्या साहेबाकडे गेले.

साहेबानं मला खुर्ची दिली, तिला नाही. मी उभी राहूनच बोलले, चांगलं तासून आणलेलं बोलले: हे पाणी या बायांनी खणलंय, त्यांच्यामुळेच इथं चितळं आहेत. त्यानं शांतपणे ऐकलं आणि फाईलमधून माझं पत्रक काढून टेबलावर ठेवलं.

"ये आपने ही लिखा है ना, मॅडम? हमने तो आपकी ही बात मानी."

ती वाक्यं खदानवाल्यांसाठी होती, असं म्हणाले असते तर मी खोटं लिहिलं हेच कबूल केल्यासारखं झालं असतं. ते कबूल करायचं धाडसही मला त्या खोलीत झालं नाही.

बाहेर पायऱ्यांवर तिनं विचारलं, कागदावर काय लिवलं हाय. मी वाचून दाखवलं.

"मंग झिरा कोनं खनला?" ती म्हणाली. मग मलाच धीर देत असल्यासारखी, "तू तं रोज कटकट कटकट फोटो काढत होती. एखाद्यात माही पांढरी गाय असंन की. थो दाखव ना सायबाले."

"पुसले मी ते."

"पुसले? काऊन?"

"जागा नव्हती."

तिनं मान हलवली आणि ऑटो बघायला रस्त्याकडे गेली.

ऐन मे महिन्यात मी एकटीच तिथं जाऊन आले. झिरा वाळूनं भरलाय. वाळूवर खुरांचे ओरखडे आहेत, अगदी जिथं पाणी असायचं तिथं. चितळांना तेवढं खोल उकरता येत नाही.

नवी दरखास्त दिली आहे. 'सोबत जोडलेले पुरावे' अशी एक ओळ असते. तिथं मी 'नाही' असं लिहिलं.