डावी कड

सूनबाईने कारखान्यात कॉम्प्युटरवर चालणारं मशीन आणलं, त्या दिवसापासून सासऱ्यांनी त्याच्याशी उभा दावा मांडला. फोमचा कोरा ठोकळा रंध्याने तासून त्यातून सर्फबोर्ड काढण्यात त्यांची हयात गेली होती. धंद्यात सगळे त्यांना रंधाकाका म्हणत. बोर्डाच्या शेपटाशी उभं राहून दोन्ही कडांवर नजर टाकली की त्यांचं काम झालं, मोजपट्टी लागायची नाही. मशीनला ते 'तुझा जावई' म्हणायचे, कारण त्याचे लाड पुरवता पुरवता सुनेच्या नाकी नऊ येत.

हल्ली तर ते जावयाला धडकायचेही. येता-जाता डावा खांदा लोखंडी चौकटीवर आपटायचा आणि उद्धार व्हायचा सूनबाईचा, हे धूड वाटेत ठेवलंच का म्हणून. घरी सासूबाईंचं रडगाणं वेगळं. डाव्या हाताशी ठेवलेला चहा रोज सांडतात, लक्ष कुठे असतं कोण जाणे.

सर्फिंग शिकवणाऱ्या बाईंनी एकसारखे बोर्ड मागितले, तेव्हा काकांनी बजावलं की नमुना मी हाताने करणार, मशीनने गुमान नक्कल करायची. सूनबाई बरं म्हणाली. मापं घेताना पुन्हा वाजलं. एरवी ती मधल्या रेषेपासून अर्ध्याच बोर्डाचं माप घ्यायची, उरलेला अर्धा कॉम्प्युटर आरशातल्यासारखा उलटा जोडायचा. काकांना ही शुद्ध लबाडी वाटली. सगळं माप घे, म्हणून ते हटून बसले. घरात शांतता हवी म्हणून तिने सगळं माप घेतलं.

शांतता कसली! पहिला बोर्ड पाण्यात डावीकडे ओढू लागला. बाईंनी तो परत आणून टेकवला. दुसराही तसाच, डावी कड पातळ. काकांना आयतं निमित्त मिळालं.

"आंधळं आहे तुझं मशीन," ते म्हणाले.

नवऱ्याने नेहमीप्रमाणे दोघांच्याही होला हो केलं. तिसरा असाच निघाला तर दुसरीकडे जाईन, असं बाईंनी सांगून टाकलं. मग जावयालाही पाठवून दे, असं काकांनी सांगून टाकलं.

सूनबाईने टेबलाची पातळी तपासली, पातं बदललं, फोन करकरून मशीनवाल्याला भंडावून सोडलं. शेवटी त्याने विचारलं, नमुना मोजलात का? तिला संतापच आला. रंधाकाकांचा नमुना मोजायचा म्हणजे काय! तरी फोन ठेवल्यावर तिने जाडी मोजायचा कॅलिपर घेतला आणि नमुना मोजला. डावी कड पातळ. दुसऱ्या टोकाकडून मोजली, तरी पातळच. मशीनने बिचाऱ्याने जे दिलं तेच इमानाने कापलं होतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. इतके दिवस फुकट शिव्या खाल्ल्या, मशीनने आणि तिने. आज मुलाहिजा ठेवायचा नाही, असं ठरवून ती कॅलिपर हातात घेऊन आतल्या खोलीत गेली. रंधा चालू होता. काका वाकून नव्या ठोकळ्याची कड तासत होते. ती त्यांच्या डाव्या कोपराशी जाऊन उभी राहिली आणि रंधा थांबायची वाट पाहू लागली.

रंधा थांबला. काकांनी समोरच्या दाराकडे बघून हाक मारली.

"सूनबाई, अगं कुठे आहेस?"

ती हातभर अंतरावर होती. चहा, चौकट, पातळ कड, सगळं एकदम तिच्या ध्यानात आलं आणि ठरवलेलं भांडण मागे पडलं.

"इथेच आहे, बाबा. मघापासून."

मान पूर्ण वळवली तेव्हा त्यांना ती दिसली, मग तिच्या हातातला कॅलिपर दिसला. ते ठोकळ्यावरचा भुसा झटकत राहिले.

"वाटलं, हात सांभाळून घेईल," ते म्हणाले.

मग मात्र ती कडाडली. मशीनला दिलेल्या शिव्यांऐवजी 'दिसत नाही' एवढं घरात बोललं असतं तर काय बिघडलं असतं, असं तिने विचारलं. तिने नवऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे फोन करायला लावला, मशीन बंद केलं आणि सासऱ्यांच्या चपला आणून त्यांच्या पुढ्यात ठेवल्या.

बाहेर पडायची वाट मशीनजवळूनच होती. काका तिथे येऊन अडले.

"चल," ते म्हणाले, "पण तू डावीकडून चाल."

ती त्यांच्या आणि चौकटीच्या मधे आली.