काटेबाईची खिडकी

१९ नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी दूध उतू गेलं. पाणी उशिरा आलं. धाकट्या जावेबरोबर नगरपालिकेत गेले, दुपारी परत. पाय भरून आलेत, पण आज त्यांचं कोण ऐकतं!

ही धाकटी जाऊ म्हणजे गल्लीची काटेबाई. घड्याळाचे काटे बसवावेत तर तिनंच, म्हणून गिऱ्हाइकांनी ठेवलेलं नाव. माझा दीर घड्याळांच्या वाटेला कधी गेला नाही. सासऱ्यांचं दुरुस्तीचं दुकान सुनेनंच उचललं. खिडकीखाली टेबल, डोळ्याला भिंग. चिमट्यात केसासारखी स्प्रिंग असताना साक्षात सासूबाई आल्या तरी तिची मान वर होत नसे.

उन्हाळ्यात नगरपालिकेनं रस्त्याच्या दिव्यांची भलीमोठी लोखंडी पेटी नेमकी त्या खिडकीसमोर उभी केली. दुकानात भर दिवसा अंधार. बल्बखाली स्प्रिंगबरोबर तिची सावलीही दिसते, आणि चिमटा सावलीलाच धरायला जातो. दोन चांगली घड्याळं हातून बिघडली तेव्हा ती दुकान बंद करायची भाषा बोलू लागली. मग एक दिवस तणतणत गेली आणि कोर्टात दावा लावून आली. वकील केला नाही. एकाकडे जाऊन आली होती, पण म्हणाली, "त्याच्या भिंतीवरचं घड्याळ बंद, ताई. त्याच्या हाती दुकान देऊ?"

न्यायाधीशांनी आपसात मिटवून बघा म्हटलं, आणि आमच्या स्वयंपाकघरात तालमी सुरू झाल्या. कॉन्व्हेंटमध्ये मी वादविवादात भाग घ्यायची, म्हणून नगरपालिका मी. टेबलावर हात आपटून मी तिला दरडावायची. ती अडखळली की बाजू बदलायची. मग नगरपालिका ती. आणि नगरपालिका ती माझ्यापेक्षा झकास करायची.

तिथेच घोटाळा झाला. आज समोर नगरपालिकेचे वकील आणि दिव्यांचे इंजिनियर. वकिलांनी फाइल उघडली, घसा खाकरला, आणि त्यांच्याआधी काटेबाईच नगरपालिका होऊन सुटली. पेटी हलवायची तर नवी केबल कोण टाकणार? आज हिची हलवली तर उद्या सगळी गल्ली रांग लावेल, तेव्हा काय करायचं? मी टेबलाखालून लाथ मारली, ती बहुधा इंजिनियरांना लागली. वकिलांचा चेहरा खुलला. त्यांनी पेनचं टोपण काढलं.

"म्हणजे आमची बाजू तुम्हाला मान्य आहे, बाई?"

काटेबाई भिंगातून बघावं तसा एक डोळा बारीक करून म्हणाली, "मान्य कसली? तुमचं बोलणं मी उरकून टाकलं. आता माझं ऐका."

आणि ऐकवलं. पेटी चार पावलं पलीकडे, कोऱ्या भिंतीपाशी न्या. केबल तिथूनच जाते. त्या भिंतीला खिडकीच नाही, म्हणजे तिथे कुणाच्या तक्रारीची रांगही लागायची नाही. वकिलांनी फाइल पुन्हा चाळली. शेवटी त्यांनी दुकानाला एक मोठा दिवा फुकट देऊ केला.

"दिवा नको," ती म्हणाली. "उजेड द्या."

इंजिनियर पोटरी चोळत हसले आणि वकिलांना म्हणाले, होईल, साहेब, अवघड नाही. तडजोडीच्या मसुद्यात 'लवकरच' असं लिहिलेलं होतं. काटेबाईनं ते खोडायला लावलं. घड्याळाच्या धंद्यात 'लवकरच' चालत नाही, तारीख घाला, म्हणाली. तारीख पडली. मग तिनं सही केली. बाहेर आल्यावर तिनं माझा दंड आवळला आणि शाळा सुटलेल्या पोरींसारख्या आम्ही पायऱ्या उतरलो, माझे गुडघे विसरून.

उद्या सकाळी पेटीची जागा आखायला माणसं येणार. ती उजाडताच दुकानात जाणार, म्हणून दोघींच्या वाट्याची भाजी मी आजच चिरून ठेवली.