चाचांच्या बोटांतला सा

पेटी एका गावाला निघाली होती आणि शिट्टी दुसऱ्याच. मध्ये सापडली बिचारी शालनताई. तिनं शिट्टीचा सूर धरून गाणं उचललं, ओळ वर चढवली आणि तिचा आवाज टर्रकन फाटला. रस्त्यापलीकडचा पानवाला पान लावायचं सोडून बघत राहिला.

"बघा! मी सांगत होतो का न्हाई?" गायकवाड सर म्हणाले. "चाचांचा सूर गेला."

नांदेडला माझं वाद्यांचं दुकान आहे. मी पेट्या दुरुस्त करते, ढोलक्या ओढून देते आणि मला माझाच धंदा शिकवणाऱ्या गिऱ्हाइकांचं ऐकून घेते. तिसरं काम सगळ्यात जड. गायकवाड सर लोह्याकडचे शाळामास्तर. भीमगीतांची पार्टी चालवतात. शालनताई त्यांची गायिका. आणि युनूसचाचा उभा जन्म बासरी वाजवत आलेले. मागच्या हिवाळ्यात चाचांच्या तोंडाची डावी बाजू लुळी पडली. बासरीत फुंकर तिरपी घालावी लागते, ओठ नेमका आवळावा लागतो. तो ओठच ऐकेना. बासरीतून नुसतं वारं येऊ लागलं.

म्हणून ही शिट्टी. तिला टिन व्हिसल म्हणतात. पत्र्याची नळी, सहा भोकं, वर प्लॅस्टिकचं चोचीसारखं तोंड. आपल्या जत्रेतल्या अलगुजाची परदेशातली बहीण. सरळ फुंकलं की वाजते, ओठांची कसरत नाही. जत्रेतलं अलगूज सुरात मिळालं तर मी पेढे वाटीन, म्हणून आम्ही त्याच्या वाटेला गेलो नाही. चाचांच्या भाच्यानं त्यांना अशी एक शिट्टी आणून दिली होती. ती ते मस्त वाजवायचे, पण तिचा सूर पार्टीला जुळत नव्हता. दुसऱ्या सुराची हवी होती.

आपल्याकडे सूर पेटीच्या पट्टीवरून सांगतात. शालनताईचा सा पाचव्या काळ्या पट्टीवर, म्हणजे ती काळी पाचमध्ये गाते. सरांनी मला न विचारता काळी पाचची शिट्टी मागवली. हिशेब कसा सरळ! असा सरळ हिशेब दिसला की मला आधी शंका येते.

"शनिवारी उदगीरला जयंतीचा कार्यक्रम हाय, रेखाताई," सर म्हणाले. "मी कीबोर्डवाला सांगून ठेवलाय. बटन दाबलं की बासरी वाजती. चाचांनी आता आराम करावा."

चाचांनी रुमालानं ओठाचा कोपरा पुसला. "सर बराबर बोलून राहिले, बेटी. मेरा कानच गया शायद."

माझं डोकं सणकलं. माणसाचं तोंड वाकडं झालं म्हणून कान कसा जाईल? "गप बसा चाचा," मी म्हटलं. "नुसता सा वाजवा."

त्यांनी वरची तीन भोकं झाकली, खालची तीन उघडी ठेवली आणि फुंकलं. मी पेटीच्या पट्ट्या चाचपल्या. काळी दोन! कपाळावर हात मारून घेतला.

गंमत अशी. आपला बासरीवाला तीन भोकं झाकून सा काढतो. शिट्टी बनवणारे मात्र नळीला नाव देतात ते सहाच्या सहा भोकं झाकल्यावर निघणाऱ्या सुराचं. सरांची शिट्टी सहा झाकली तर काळी पाच. चाचा झाकणार तीन, कारण चाचा बासरीवाले. शालनताईच्या सा च्या जागी मध्यम वाजत होता. ती बिचारी त्यालाच सा समजून वर चढली. फाटेल नाही तर काय होईल?

"मग सहा झाकून सा घ्या की!" सर म्हणाले.

चाचांनी घेतला. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीला बोटं गुपचूप आपल्या जुन्या घरी परतली.

"न्हाई होत, सर. बोटं ऐकून न्हाई राहिली."

"स्वस्तातला माल असाच असतो," सर म्हणाले. "चांगली इम्पोर्टेड मागवू. पितळेची."

"मागवा," मी म्हटलं. "तीही अशीच चुकेल. जरा ऐटीत चुकेल एवढंच."

शालनताई फिस्सकन हसली. सर भिंतीवरच्या ढोलक्यांकडे बघू लागले.

बासरीत सहा भोकं झाकली की खालचा पंचम निघतो. मी शालनताईच्या सा चा खालचा पंचम पेटीवर दाबला. पांढरी चार. म्हणजे पांढरी चारची शिट्टी हवी. ती चाचांनी तीन बोटांनी वाजवली की काळी पाच आपोआप हजर.

"पांढरी चार?" सर किंचाळले. "आपली पार्टी काळी पाचची हाय, ताई!"

"पार्टी तुमची, बोटं चाचांची," मी म्हटलं आणि हैदराबादच्या व्यापाऱ्याला फोन लावला. सगळ्यात स्वस्तातली सांगितली.

शिट्टी वेळेत आली, पण थोडी चढी निघाली. स्वस्त शिट्टीचं एवढं एक दुखणं असतं. तिचं तोंड नळीला डिंकानं चिकटवलेलं असतं, त्यामुळे सूर हलवता येत नाही. मी शेजारच्या हॉटेलातून गरम पाणी आणलं आणि शिट्टीची चोच त्यात बुडवून धरली.

"ताई, शिट्टीचा चहा करून राहिल्या का?" हॉटेलवाल्यानं विचारलंच.

डिंक सुटला. तोंड पिळून किंचित बाहेर ओढलं. नळी लांब झाली, सूर उतरला, पेटीशी जुळला. चाचांनी एकदा वाजवून बघितली. मग डोळे पुसले आणि मला म्हणाले, "धूळ लई हाय तुझ्या दुकानात."

शनिवारी मी दुकान बंद ठेवून उदगीर गाठलं. स्टेजवर कीबोर्डवाला बटनावर बोट ठेवून तयार. सरांनी त्याला काढलं नव्हतं. माणूस सावध! चाचांनी शिट्टी तोंडाच्या उजव्या, धडक्या कोपऱ्यात धरली आणि सुरुवात केली. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, ते पुसायला थांबले नाहीत. शालनताईनं त्यांच्याकडे बघत सा घेतला आणि ओळ वर नेली. पार टोकापर्यंत नेली. आवाज फाटला नाही.

तेवढ्यात कीबोर्डवाल्यानं हौसेनं बटन दाबलं. शालनताई कडव्याच्या मध्येच माइकवर बोलली, सगळ्या मैदानाला ऐकू गेलं: "दादा, तुमची बासरी बंद ठेवा. आमची इथं बसली हाय."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या, दुसरा इलाजच नव्हता.

तेव्हापासून शिट्टी मागायला कुणी आलं की मी आधी सूर विचारत नाही. म्हणते, बोटं दाखवा.