पाच पायऱ्या आणि तिरकी भोकं

वेलचेरीतल्या आमच्या बाल्कनीत तुळस, कपड्यांची दोरी आणि माझं ड्रिल मशीन एवढंच मावतं. टेबलावर पक्कं बसवलेलं, दांडा ओढला की खाली येणारं ते मशीन मी गिंडीहून आणलं आणि त्या दिवसापासून स्वतःला अर्धा सुतार समजू लागलो. उरलेला अर्धा कॉम्प्युटर इंजिनिअर आहे, म्हणजे दोन्हीकडून हातकामाच्या नावाने बोंबच. बायको त्या मशीनला ‘तुमचा देव’ म्हणते, कारण मी रोज त्याच्यापुढे उभा असतो आणि पदरात काही पडत नाही.

गेल्या वर्षी सासूबाई तांबरमचं घर सोडून आमच्याकडे राहायला आल्या. मी नाशिकचा, त्या तंजावरच्या मराठी घरातल्या. सोबत एक पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्यात जुन्या वेष्टीच्या, म्हणजे तमिळ धोतराच्या, तुकड्यांत गुंडाळलेल्या त्यांच्या आईच्या मातीच्या बाहुल्या. नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात तो गोलू त्यांनी कधी चुकवला नव्हता. पायऱ्या म्हणजे ट्रंका, तेलाचे डबे आणि वरून पांढरी वेष्टी. आता गुडघे गेले, घर गेलं. स्वतःचं म्हणावं असं एवढंच राहिलं होतं. मी जाहीर केलं की यंदा डबेबिबे चालणार नाहीत, मी बोल्टने जोडायच्या सात लाकडी पायऱ्या करतो.

“डबे बरे होते की, माप्पिळ्ळे,” त्या म्हणाल्या. तमिळ घरांत जावयाला अशीच हाक मारतात. मी नुसता हसलो. घरात एवढं मशीन असताना डबे!

पेन्सिलीच्या खुणेवर भोक असं बसायचं की मी बायकोला हाक मारून दाखवायचो. लाकूड उलटं करून बघायची बुद्धी काही मला झाली नाही. वर नेमकं असलेलं भोक खाली भलतीकडेच निघत होतं. बोल्ट जाईनात, तेव्हा मी हातोडीने घातले. तरी जाईनात, तेव्हा भोकं मोठी केली. सातवी पायरी कशालाच दाद देईना. मी म्हटलं, सहाच पुरे.

“सम पडी ठेवाचं नाहीं,” सासूबाई म्हणाल्या. गोलूच्या पायऱ्या विषमच हव्यात. मग मी आणखी एक काढली आणि मुळात पाचच ठरल्या होत्या असं सगळ्यांना सांगत सुटलो.

अमावास्येला गोलू मांडला. वरच्या पायरीवर लाकडाची राजाराणी, खाली पितळेचे देव, मग प्लास्टिकची क्रिकेट टीम. मातीची एकही बाहुली नाही. मला वाटलं, सासूबाईंनी काळाप्रमाणे जरा बदल केला असेल. शेजारच्या मामी हळदीकुंकवाला आल्या आणि मातीच्या बाहुल्या कुठे म्हणून विचारू लागल्या. “रंग गेलाय त्यांचा,” एवढं बोलून सासूबाईंनी त्यांच्या हातात सुंडलची, म्हणजे परतलेल्या चण्यांची, वाटी ठेवली.

मी स्वयंपाकघरात बायकोला म्हणालो, रंगच द्यायचा असेल तर मी देतो.

“रंगाला काही झालेलं नाही,” ती म्हणाली. “सकाळी आईने मला वरच्या पायरीवर पाण्याचा टंबलर ठेवायला लावला. तुम्ही बाजूने गेलात तरी पाणी हलत होतं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या बाईंनी माझी अब्रू झाकायला स्वतःच्या आईच्या बाहुल्या ट्रंकेत ठेवल्या होत्या. मी तसाच बाल्कनीत गेलो आणि मशीनच्या टेबलावर ड्रिलच्या शेजारी गुण्या उभा केला. ज्याने काटकोन बघतात ते हत्यार माझ्याकडे पहिल्यापासून होतं, वेष्टनात. गुण्या आणि ड्रिल यांच्या मधून समोरच्या बिल्डिंगची टाकी दिसली. टेबलच कललेलं होतं आणि मी इतके दिवस लाकडाला शिव्या देत होतो.

पण एकदा मांडलेला गोलू दशमीपर्यंत हलवत नाहीत. त्यामुळे नवरात्रभर मी त्या क्रिकेट टीमशेजारी उभा राहून पाहुण्यांकडून ‘जावयाने स्वतः केलंय’ हे कौतुक ऐकलं. पायरीला कोणी हात लावला की मी पुढे होऊन सुंडल द्यायचो.

पुढे वर्षभर वेळ होता. टेबल काटकोनात आणलं. जुनी भोकं लाकडी खुंट्या ठोकून बुजवली. आता खुणेवर आधी पंच मारून खळगा करायचो, म्हणजे ड्रिल घसरत नाही. जोडीची लाकडं एकावर एक शिकंज्यात आवळून, खाली टाकाऊ फळी ठेवून, एकदमच भोक पाडायचो. आणि प्रत्येक भोक उलटून बघायचो.

यंदा अमावास्येला पायऱ्या उभ्या राहिल्या. त्याही पाचच, कारण सातचं नाव काढायची छाती नव्हती. सासूबाईंनी मधल्या पायरीवर दोन्ही तळवे टेकले आणि अंगाचा भार टाकला. मग ट्रंक उघडली आणि पहिली बाहुली सोडवली. मातीचा कृष्ण, नाकाचा रंग जरा उडालेला. वरपर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता, म्हणून तो त्यांनी माझ्या हातात दिला.

मी तो वर नेला खरा, पण ठेवता येईना.

“पडी बरी आहे,” त्या म्हणाल्या. “हात हलतोय तुमचा.”

आणि त्यांनी माझं मनगट खालून घट्ट धरलं, ते कृष्ण टेकेपर्यंत.