सात उद्गार, तीन माणसं

शालिनीबाई रणभिसेंचा चहा कडक आणि कारभार त्याहून कडक. दिल्लीतल्या छोट्याशा मराठी ख्रिस्ती मंडळीच्या त्या बावीस वर्षं सेक्रेटरी. सरकारी नोकरीतून रिटायर झाल्या, मंडळीतून नाही! आर. के. पुरमजवळच्या चर्चमध्ये सकाळी आठला हिंदीवाल्यांची उपासना, संध्याकाळी चारला मराठीची. शास्त्रपाठ कोण वाचणार, प्रार्थना कोण करणार, सगळं बाईंच्या यादीत ठरलेलं. ती यादी बदलायची तर देवदूतानंच यायला हवं.

नव्या माणसांचं मात्र त्यांना भारी कौतुक. पुण्या-मुंबईहून नोकरीला आलेलं कोणी दारात दिसलं की बाई धावल्याच. पहिल्या बाकावर बसवायचं, टाळ्या वाजवायच्या, ठेवणीतल्या कपात चहा द्यायचा. आणि काम? छे! पाहुण्याला कधी काम सांगतात का? गुरगावला आयटीत असलेल्या वल्लरीनं एकदा सतरंजी उचलली, तर बाईंनी ती हिसकावूनच घेतली. "अगं बाई, तू कशाला? बस बघू!" वल्लरी बसली. तीन वर्षं बसली.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन, येशूनं क्रुसावरून काढलेल्या सात उद्गारांवर सात जणांनी बोलायचं ही जुनी रीत. पण या मंडळीत एखादा वारला की त्याचा उद्गार उरलेल्यांनीच वाटून घ्यायचा, वडिलोपार्जित जमिनीसारखा. दीनानाथराव गेले, त्यांचा अशोकरावांनी घेतला. असं होत होत बाईंकडे तीन, अशोकरावांकडे दोन आणि चंद्रप्रभाबाईंकडे दोन. वल्लरीनं एकदा भीतभीत विचारलं होतं, "मावशी, मी बोलू एखाद्यावर?" "बिल्कुल बोलशील! पण आधी रुळ तर." त्यानंतर पोरगी हळूहळू दिसेनाशी झाली. बाई म्हणाल्या, दिल्लीचं ट्रॅफिक, दुसरं काय.

यंदा उत्तम शुक्रवार पंधरा दिवसांवर असताना चंद्रप्रभाबाई बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. चर्चच्या पाद्रीसाहेबांनी स्वच्छ सांगितलं, दोन माणसांवर तीन तास निघणार नाहीत. झावळ्यांच्या, म्हणजे शुक्रवारच्या आधीच्या रविवारपर्यंत सात नावं द्या, नाहीतर यंदा सगळे हिंदीतच बसा. एकदा बंद पडलेलं पुन्हा सुरू होत नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. आणि मराठीत प्रार्थना ऐकायला या शहरात त्यांना दुसरी जागा नव्हती.

त्यांनी फोन लावले. जुन्या पाहुण्यांपैकी पाच जणांना. पाचही जणांचं एकच उत्तर, "सॉरी मावशी, त्या दिवशी ड्यूटी आहे."

"सुट्टीच्या दिवशी कसली डोंबलाची ड्यूटी?" बाई भडकल्या.

झावळ्यांच्या रविवारी सकाळी त्या पाद्रीसाहेबांकडे मुदत मागायला गेल्या. हिंदी उपासना सुरू व्हायची होती. दारातच एका अनोळखी मुलीनं त्यांच्या हातात झावळ्यांचा भारा कोंबला. "आंटी, ज़रा बाँट दीजिए न, देर हो रही है!" बाई आ वासून बघत राहिल्या. ना ओळख ना पाळख, आणि थेट काम? पण करतात काय, वाटायला लागल्या.

वाटता वाटता वेदीकडे नजर गेली. शास्त्रपाठाला निहार उभा होता. ज्याला त्यांनी चार वेळा टाळ्या वाजवून बसवलं होतं, तोच निहार! गायनमंडळात बाईंचेच जुने तिघं पाहुणे. आणि हातात यादी घेऊन सगळ्यांना जागा दाखवत होती वल्लरी. फोनवरचे पाचच्या पाच!

उपासना संपल्यावर त्यांनी तिला पायरीवर गाठलं. "ही होय तुमची ड्यूटी? अगं, आम्ही काय कमी केलं तुम्हाला?"

"काहीच नाही, मावशी. लाडच केलेत." वल्लरी म्हणाली. "इथं दुसऱ्याच रविवारी मला अर्पणाची थैली फिरवायला लावली. आता कमिटीवर आहे मी. तुमच्याकडे एकदा मी टायफॉइडनं महिनाभर आले नाही. कोणाला कळलंसुद्धा नाही. माझ्यावाचून काही अडतच नव्हतं ना."

बाईंना कोणीतरी भर रस्त्यात थोबाडीत मारल्यासारखं झालं. महिनाभर! आणि आपल्याला पत्ता नाही! ‘परत ये’ म्हणायचं त्यांनी सोडूनच दिलं.

"म्हणजे आमचा शुक्रवार गेला," एवढंच त्या म्हणाल्या.

वल्लरीनं डोळे पुसले, यादी उघडली. "आमच्याकडे एक उद्गार रिकामा आहे. तुम्ही बोलता? मराठीतच बोला. समजून घेतील सगळे."

"मी? अगं, मी इथं आजच आलेय!"

"मग काय झालं?"

बाई पायरीवर बसल्या. त्यांनी विचारलं, "कितवा?"

"चौथा. ‘माझ्या देवा, तू मला का सोडलंस?’ येशू अगदी एकटा पडतो, तो. कोणी घ्यायला तयारच होत नाही."

चौथ्यावर बाई बारा वर्षं बोलत आल्या होत्या. सगळं तोंडपाठ. पण आता त्यातलं एकही वाक्य खरं वाटेना. त्यांनी वल्लरीचा हात धरून तिला शेजारी बसवलं.

"बोलेन मी," त्या म्हणाल्या. "पण आधी तू सांग. त्या महिनाभरात तुझं कसं झालं गं?"